भिंतीवर थापलेला राब

आधी चूक सांगून टाकते, म्हणजे पुढं बढाया मारायला मोकळी. लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा, एका वैशाखात, मी सासरचा अख्खा राब शेतातून उचलून आणला, पाण्यात कालवला आणि त्याच्या गोवऱ्या करून घराच्या भिंतीवर थापल्या. एकटीनं. कुणी न सांगता. आणि संध्याकाळी डोक्यावरचा पदर सारखा करून ओट्यावर बसले, शाबासकीची वाट बघत.

राब ज्याला ठाऊक आहे तो एवढ्यावरच कपाळाला हात लावील. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते, कारण तेव्हा मलाही ठाऊक नव्हता. आमच्या मुरबाड-शहापूरकडं भाताचं बी सरळ मोठ्या शेतात टाकत नाहीत. घराजवळची जरा उताराची, पाणी न साचणारी जागा धरायची. तिच्यावर माघापासून थर घालत जायचे. खाली वाळलं शेण, त्यावर ऐनाच्या तोडलेल्या डहाळ्या, मग पालापाचोळा, मग गवत, आणि सगळ्यावर चाळल्यासारखी बारीक माती. हा झाला राब. वैशाखात तो पेटवायचा, पण भडकू द्यायचा नाही, नुसता धुमसवायचा. खालची जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं. पाऊस लागला की त्या काळ्या मातीत बी टाकायचं, आणि रोप वीतभर झालं की उपटून खाचरात लावायचं, ती आवणी. म्हणजे घराचं वर्षाचं खाणं आधी त्या एवढ्याशा अंथरुणात निजायचं असतं. पाळण्यातल्या पोराखालची दुपटी ओढून धुणं भिजवावं, तसं मी ते अंथरूण ओढून आणलं होतं.

परवा सकाळी वारा पडलेला बघून सुनेनं राब लावला आणि तो वास पुन्हा नाकात शिरला. शेणाचा, करपल्या पानांचा, तापल्या मातीचा. पलीकडच्या बंगल्यात शनिवारी येणारे पाहुणे ह्या दिवसांत खिडक्या लावून घेतात. मी मात्र खुर्ची धुराकडं सरकवून बसते. खोकते आणि बसते.

"आई, हिकडं या ना, डोळं जातील धुरानं!" सून ओरडली.

"जाऊंदे. बघायचं ते बघून झालंय."

हे अर्थात खोटं. अजून पुष्कळ बघायचंय. घरातल्या लोकांनी आपली जरा काळजी करावी म्हणून म्हातारीला असं काहीबाही बोलावं लागतं.

आमचे हे पलीकडं बाजेवर पेपर वाचत होते. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "भिंत मोकळी आहे हो यंदा." दर वैशाखात एकदा म्हणतात. त्याशिवाय त्यांचा उन्हाळा संपत नाही.

तेवढ्यात माझी नात प्रज्ञा बाहेर आली. मुरबाडच्या कॉलेजात जाते. हातात फोन, कपाळाला आठ्या. त्यांना म्हणे आपल्या तालुक्याची माहिती लिहून न्यायची होती. भौगोलिक स्थान, हवामान, लोकसंख्या.

"आजी, आपल्या गावची लोकसंख्या किती असंल गो?"

"कुठल्या महिन्यातली?"

"महिन्यातली? लोकसंख्येला महिना नसतो आजी."

"तुमच्या पुस्तकातल्या नसंल. आमच्या गावच्या आहे."

ती हसली, पण मी थट्टा करत नव्हते. दिवाळी होऊन भात झोडून झाला की आमच्या गावचं माणूस पातळ होत जातं. आधी कातकरीवाडी उठते. भांडी, कोंबड्या, पोरं एका टेम्पोत बसतात आणि भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मागोमाग ज्यांचं शेत लहान ते कामाला निघतात. माघात गावात फिरलात तर म्हातारे, कुत्री आणि बोरं, एवढेच भेटतील. वैशाख लागला की उलटी भरती. विटेच्या धुळीनं लाल झालेली माणसं परत येतात, मुंबई-ठाण्याची पोरं सुट्टीला येतात, लग्नांचे मांडव पडतात. ज्येष्ठात तर पाय ठेवायला जागा नाही, कारण पाऊस लागताना ज्याला त्याला आपल्या बांधावर असावं लागतं. गावची लोकसंख्या म्हणजे आमच्या विहिरीचं पाणी आहे. कधी बघताय त्यावर आहे. फक्त विहीर ज्या महिन्यात आटते, त्याच महिन्यात गाव भरतं. ही आमच्याकडची जुनी गंमत.

मी स्वतः ह्या लोकसंख्येत वरून पडले. वरून म्हणजे माळशेज घाटावरून. माझं माहेर ओतूरच्या अलीकडं. तिथून बघितलं तर सह्याद्रीला माथा आहे असं वाटतच नाही, नुसता माळ चालत जातो आणि एकदम संपतो. खालून बघितलं की कळतं, केवढी उंची आहे. आजीबाई पाय पसरून बसली की मांड्यांमध्ये लुगड्याला जी खोळ पडते, तसा हा खालचा मुलूख आहे. मागं डोंगराची पाठ, त्याच्या सोंडा खाली उतरलेल्या, आणि सोंडांच्या मधल्या खोळीत भाताची खाचरं. शहापूरच्या बाजूला माहुलीचे सुळके, मुरबाडच्या बाजूला नाणेघाटाचा अंगठा. काळू, शाई, भातसा, सगळ्या नद्या ह्या खोळीतून निघतात आणि पश्चिमेच्या खाडीला जाऊन मिळतात. माझ्या माहेरचा ओढा मात्र पूर्वेला वळतो, नद्या बदलत बदलत पार पलीकडच्या समुद्राला जातो. एकाच डोंगरावर शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांची पुन्हा भेट नाही. लग्नात रडताना मला हे कुणी सांगितलं असतं तर मी आणखी तासभर रडले असते. बरं झालं, तेव्हा भूगोल कच्चा होता.

कच्चा होता, पण तोरा पक्का होता. घाटावरची मी! वरची माणसं कष्टाळू, काटकसरी, खालची सुशेगात भात खाऊन झोपणारी, असं आमच्याकडं लहानपणापासून ऐकलेलं. आम्ही बाजरीवाले. पाऊस मोजका, सरपण मोजकं. तुराट्या, बाभळीच्या काटक्या आणि गोवऱ्या ह्यावर आमच्या चुली चालायच्या. रस्त्यात शेण दिसलं की ज्या पोरीचे हात शिवशिवत नाहीत तिला स्थळ येत नसे, असं आई म्हणायची. माझे हात फार शिवशिवायचे. स्थळ आलं.

लग्न चैत्राच्या शेवटाला झालं. आमची बौद्ध पद्धत, तेव्हा मुहूर्ताचं कौतुक नाही. मुलाची कल्याणची नोकरी आणि त्याची रजा, हाच मुहूर्त. रजा संपली तसे आमचे हे कल्याणला गेले, शनिवारी यायचे. घरात मी आणि सासू. सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झालेली, तेव्हा घर, गाय, दोन खाचरं आणि मुलाचं शिक्षण हे सगळं सासूनंच ओढलेलं. आमच्याकडं वर सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून मी आत्याबाई म्हणायची. त्या काटक, उंच, कमी बोलणाऱ्या. सूनही काटक्यांसारखीच जपून वापरायच्या. पहिले काही दिवस त्यांनी मला जड काम सांगितलं नाही, आणि त्यातच घात झाला. मला वाटलं, ह्यांना माझी किंमत कळली नाही.

त्यातून इथली हवा. वरचं ऊन नुसतं भाजतं, सावलीत गेलं की सोडून देतं. खालचं ऊन माणसाला उकडतं, तेही झाकण ठेवून. पंधरा दिवसांत माझ्या पाठीवर घामोळ्यांची नक्षी उठली. वारा म्हणावा तर डोंगराला टेकून झोपलेला. आणि पाणी! इकडं पावसाळ्यात आभाळ फाटतं असं ऐकलं होतं. तोच ढग खाली सगळं ओतून हलका होतो आणि मग आमच्या वर नुसती सावली द्यायला येतो. तेव्हा मी धरून चालले होते, की खाली बारमाही पाणीच पाणी असणार. प्रत्यक्षात वैशाखात आमच्या विहिरीच्या तळाशी बायका वाटीनं पाणी भरत होत्या. हंडा भरायला बसलं की शेजारणीच्या तीन पिढ्यांचा इतिहास ऐकून व्हायचा. इथलं पाणी येतं तालेवार पाहुण्यासारखं, वाजतगाजत, आणि चहालासुद्धा न थांबता निघून जातं. खाली कातळ, वर उतार, थांबणार कशाला? माझी लेक शहापूरकडं दिली आहे. तिच्या गावावरून धरणाचा फुगवटा दिसतो, निळाशार, आणि ती वैशाखात टँकरच्या हॉर्नकडं कान लावून असते. मी तिला म्हणते, पाण्याशेजारी राहणं आणि पाणी असणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. तुझी आई हे फार महागात शिकली.

तर ती बुद्धपौर्णिमा. आत्याबाई आमच्या वाडीतल्या बायकांबरोबर मुरबाडला कार्यक्रमाला जायच्या होत्या. माझी पाठ बघून म्हणाल्या, "तू ऱ्हा घरी. यष्टीत हुभं ऱ्हायला लागंल, आग होईल अंगाची." आणि गेल्या.

घर झाडून झालं, भांडी झाली, गाईला पेंढा घातला. मग मागल्या दारी गेले आणि मला तो खजिना दिसला. उतारावरच्या तुकड्यात शेणच शेण, त्यावर वाळक्या डहाळ्या, गवत. आणि कहर म्हणजे त्यावर माती! माझ्या काळजात चर्र झालं. एवढं सरपण, आणि ही माणसं मातीत घालतात? सासू भली बाई, पण एकटी, कोण बघणार? तिच्या हातून नाही उरकलं. आता मी आहे.

पदर खोचला. माती झटकून डहाळ्या वेगळ्या केल्या, मोळ्या बांधल्या, पडवीत रचल्या. गवत गाईपुढं टाकलं. गाईनं हुंगून तोंड फिरवलं, तेव्हा तरी कळायला हवं होतं. पण त्या वयात गाईचं कोण ऐकतं? मग शेण. पाटीमागून पाटी, पाटीमागून पाटी. वाळून भुगा झालेलं, ते थापायचं तर भिजवायला हवं. मागल्या दारी दोन हंडे आणि एक घागर भरून ठेवलेली होती. ओतली. काय सुंदर कालवलं होतं म्हणून सांगू! आणि मग मागली भिंत, बाजूची भिंत, सगळीकडं ओळीनं गोवऱ्या, प्रत्येकीवर माझी पाची बोटं. शेवटची थापून मागं सरकले आणि माझ्या कर्तबगारीकडं बघत उभी राहिले. घामोळ्यांची आठवणसुद्धा नव्हती.

संध्याकाळी आत्याबाई फाट्यावर उतरून चालत आल्या. भिंत बघितली. मोळ्या बघितल्या. हंडे वाकून बघितले. मग मागल्या दारी गेल्या, ते उघडं शेत बघितलं आणि परत येऊन ओट्यावर बसल्या.

"सूनबाई, ह्या गोवऱ्या?"

"शेतात वाया चालल्या होत्या, आत्याबाई," मी म्हटलं. वर हसून म्हटलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता उजवा हात कपाळाला लावला आणि डोळे मिटले. मग हळू आवाजात, जणू लहान मुलीला सांगावं तसं, राब म्हणजे काय ते सांगितलं. माघापासून एक एक पाटी कशी जमवली ते सांगितलं नाही. ते मला दुसऱ्या दिवशी शेजारणींनी सांगितलं. त्या अगदी तत्परतेनं आल्या होत्या.

रडू आलं नाही. डोक्यात नुसता हिशोब. दोन खाचरांचं भात म्हणजे घराचं वर्ष. रोप नाही तर लावणार काय? ओल्या गोवऱ्या भिंतीवर वाळायला दिवस लागणार, मोळ्यांतल्या डहाळ्यांचा पाला झडून गेलेला, रानातल्या डहाळ्या आधीच लोकांनी उतरवलेल्या, आणि घाटमाथ्यावर दुपारचे ढग जमायला लागलेले. वळवाची एक सर आली तर संपलं. भिजला राब भाजत नाही, नुसता धूर होऊन डोळ्यांत जातो. माहेरी वळीव आला की आम्ही अंगणात नाचायचो. इथं ते ढग दिसले की मी भिंतीवरच्या गोवऱ्या चाचपून बघायची. एका घाटाच्या अंतरात एकच ढग देवदूताचा यमदूत होतो, हे मी तेव्हा शिकले. आम्ही देव मानत नाही; पण त्या आठवड्यात मी ढगांना फार हात जोडले. कुणाला सांगू नका.

शेजारचे शिवरामकाका, कुणब्याच्या घरचे, सकाळी बांधावरून बघून गेले. बघत राहिले, बघत राहिले, आणि शेवटी आत्याबाईंना म्हणाले, "वैनी, घाटावं भात भिंतीवं पिकवतात काय गो?"

"हसा तुमी," आत्याबाई म्हणाल्या. "तुमचा राब झाला ना भाजून?"

"झाला. गवात उरलाय थोडा. पाठवतो पोरांबरोबर."

त्यांच्या आणि आमच्या घरात पाण्याचा तांब्या तेव्हा अजून जरा अडखळतच फिरायचा. शेणाच्या पाटीला आणि गवताच्या भाऱ्याला मात्र कधीच कसली आडकाठी नव्हती. शेतीचं सोवळं निराळं असतं, गरज पडली की सुटतं. दुपारपर्यंत गवत आलं, आणि वर एक पाटी शेणही.

त्याच आठवड्यात कातकरीवाडी भट्टीवरून परतली. बायजी, आत्याबाईंच्या बरोबरीची, दोघी आवणी-कापणीला जन्मभर एका रांगेत राहिलेल्या. ती भेटायला आली, भिंत बघितली आणि जी हसायला लागली ती खाली बसली. हसता हसता पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आमी सा महिने इटा थापल्या, आन् ही घरी बसून थापते! हिला पुढल्या साली भट्टीवं नेतो, मुकादम खूस होईल."

माझ्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं. ते बघून ती उठली, माझ्या पाठीत एक धपाटा घातला, घामोळ्यांवरच, आणि म्हणाली, "रडतेस काय गो? चल माझ्यासंगं. जंगल काय आटला नाय अजून."

गेलो. ती, तिच्या दोन सुना आणि मी. बांबूच्या बेटाखालची पानं, करवंदीच्या जाळ्यांत अडकलेला पाला, सागाची वाळली पानं, टोपल्या भरभरून आणली. भिंतीवरच्या गोवऱ्या वरून कडक, आतून ओल्या. त्या रोज उन्हाकडं फिरवायच्या, फोडायच्या, पुन्हा फिरवायच्या. येणारी-जाणारी बाई थांबून विचारायची, "भाजल्या का गो भाकऱ्या?" टोकावड्याच्या बाजारापर्यंत माझं नाव पोचलं. भाजी घ्यायला गेले तर बाई पदराआड हसून म्हणाली, "तू ती गोवरीवाली काय?" शनिवारी आमचे हे आले, भिंतीपुढं उभे राहिले, मान तिरकी करून म्हणाले, "रंग बरा दिलास. मी कल्याणहून चुना आणणार होतो." मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. तसे ते आठवडाभर घरी नव्हतेच.

ढग रोज यायचे, रोज घाटाला टेकून बसायचे आणि रोज निघून जायचे. एका सकाळी वारा पडला तशा आत्याबाई म्हणाल्या, "लाव." माझ्याच हातात पेटतं दिलं. जी काय झुळूक होती तिच्या बाजूला मी गेले तर खांद्याला धरून दुसऱ्या टोकाला नेलं. विस्तव वाऱ्याच्या तोंडावर चालवायचा असतो. पाठीवर वारा घेतला की तो पळतो, आणि पळता विस्तव माती भाजत नाही. मी बसले, फुंकलं. धूर उठला. गोवऱ्यांचे तुकडे आधी रुसले, मग एकेक करून लाल झाले. त्या दिवशी तो राब संपेपर्यंत मी उतारावरून हलले नाही.

मी हे प्रज्ञाला सांगत होते आणि ती माहिती लिहायची सोडून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आता कृषीवाले सांगतात ना, राब भाजू नका, गादीवाफ्यावर रोप टाका. झाडं वाचतात, धूर नाय होत."

"खरंच सांगतात."

"मग आईनं का भाजला?"

"अर्धाच भाजलाय. अर्ध्यात गादीवाफा करणार आहे. तुझी आई माझ्यासारखी नाही, एकदम सगळं उचलत नाही."

सुनेनं लांबून ऐकलं आणि हसली. तिची भेंडी ह्या हिवाळ्यात मुरबाडवरून थेट वाशीच्या बाजारात गेली. हल्ली दिवाळीनंतर ओढ्यावर पोती रचून बांध घालतात, त्यामुळं पाणी चैत्राला टेकतं. भात निघालं की भेंडी, काकडी, वाल, आणि शहापूरकडं मोगरा. कळ्या तोडायला माणूस लागतं, भेंडीला तर रोज लागतं, नाहीतर एका दिवसात जून होते. बायजीच्या सुना म्हाताऱ्या झाल्या, पण नातसुना यंदा भट्टीवर गेल्या नाहीत. माघात मी कातकरीवाडीवरून चालत गेले तर दारं उघडी, दोरीवर कपडे, कुणीतरी कुणाला तरी शिव्या घालतंय. इतकं बरं वाटलं! माघातल्या शिव्या आमच्याकडं फार वर्षांनी ऐकू आल्या. बायजीची पणती शहापूरला नर्सिंग शिकते. सुट्टीला आली की माझं ब्लडप्रेशर बघते आणि पणजीसारखीच पाठीत धपाटा घालते. म्हटलं ना, अजून पुष्कळ बघायचंय.

मुरबाडला रेल्वे येणार, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. येईल तेव्हा येवो. समृद्धीचा रस्ता शहापूरवरून गेला, डोंगराच्या पोटातून गेला. जमिनींना भाव आले, बंगले आले, शनिवार-रविवारची लोकसंख्या आली. ते कुठं मोजायचे, हा प्रज्ञाला पडलेला प्रश्न. मी म्हटलं, जो चिखलात उतरतो तो मोजायचा. तिनं ते लिहिलं नाही. मार्क मिळणार नाहीत म्हणाली.

त्या वर्षी रोप उगवलं. सगळीकडं हिरवंगार, आणि एका कोपऱ्यात, जिथं गोवऱ्या ओल्या राहिल्या होत्या, तिथं तण. असं माजलेलं तण, की रोप त्यात हरवलेलं. मी पावसात, घोंगडी डोक्यावर घेऊन, एकेक काडी बोटांनी वेगळी करत बसायची. आत्याबाई बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत, त्याचा अर्थ मी मनाशी लावला. ही बाई आपल्याला माफ करणार नाही. दोष त्यांचा नव्हता. माझ्याही सुनेनं असा राब उचलला असता तर मी काय तिची आरती केली असती?

आषाढ लागला आणि माझा थोरला भाऊ दारात उभा राहिला. घाटात दरड आलेली, गाडी दोन ठिकाणी थांबलेली, अंगावरचा सदरा पिळून काढावा असा. आमच्याकडं वर पहिल्या आखाडात नव्या नवरीला माहेरी नेतात, सासूसुनेनं त्या महिन्यात एकमेकींचं तोंड बघायचं नाही म्हणून. बाबांनी धर्म बदलला, देव सोडले, पण आईनं लेक घरी आणायची सबब सोडली नव्हती. त्याला बघून माझा बांध फुटला. ओलेत्यानंच मी घरात गेले आणि लुगडी गाठोड्यात कोंबायला लागले. मनात पक्कं झालं, आता जायचं आणि यायचं नाही. सासरचेही बोलावणं पाठवणार नाहीत. राब उचलणाऱ्या सुनेला कोण बोलावतं? निम्मं मन सुटकेनं हलकं झालं होतं, हेही खरंच. निम्मं कशानं जड झालं होतं ते मला कळत नव्हतं. बाहेर उतारावर ते रोप उपटायला आलं होतं, कोपऱ्यातलं माझं सुद्धा, आणि ते लावलेलं मी बघणार नव्हते.

आत्याबाई खाचरातून आल्या. पाठीवर पानांचं इरलं, गुडघ्यापर्यंत चिखल. भावाला बघितलं, "आलास होय," म्हणाल्या. इरलं उतरवून भिंतीला टेकवलं. भाऊ हात जोडून म्हणाला, "आत्या, आखाडाचं न्यायला आलोय हिला." त्यांनी त्याला पाट दिला, अंग पुसायला फडकं दिलं, चुलीवर चहा ठेवला. मग आत आल्या. गाठोड्याकडं बघितलं. मी मान खाली घालून गाठ मारत होते आणि ती बसत नव्हती.

त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या, चिखलाचे हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाल्या, "सोड त्या गाठोडा आन् भावाला जेवाया वाढ. आवणीच्या बायका मी कालच मोजल्या गो, तुला धरून मोजल्या. आता तू घाट चढलीस तर मी पुन्यांदा मोजीत बसू काय?"